तो कोणत्या बोटीने गेला?

रशियाच्या सहलींवर मी दुभाषी म्हणून जाते. संग्रहालयातल्या मार्गदर्शक बाई रशियनमध्ये बोलतात, मी ते मराठीत सांगते. सेंट पीटर्सबर्गमध्ये सगळ्यांना वेळ हवा असतो तो हर्मिटेज या मोठ्या कलासंग्रहालयासाठी. रशियाचा महाकवी पुश्किन याच्या नावाचं संग्रहालय कार्यक्रमात असलंच तर घाईघाईत उरकतं. युक्रेन युद्धाच्या आधीच्या एका सहलीत मात्र आमचा गट तिथल्या एकाच चित्रापुढे थांबला तो थांबलाच. आज मी त्या चित्राबद्दल जे सांगते, त्यातलं बरंचसं मला त्या सकाळी मिळालं.

चित्र आहे समुद्राचा निरोप घेणाऱ्या पुश्किनचं. काळ्या समुद्राचा खडकाळ किनारा, फुटणाऱ्या लाटा आणि खडकावर गडद कपड्यांतला, उघड्या डोक्याने उभा असलेला एकटा कवी. समुद्र रंगवला इव्हान आयवाझोव्स्कीने आणि माणूस इल्या रेपिनने.

गटात एक निवृत्त चीफ इंजिनिअर होते, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांची उमेदीची वर्षं मालवाहू बोटींवर गेली होती. सोव्हिएत काळात आपल्या बोटी काळ्या समुद्रावरच्या ओडेसाला नेहमी जायच्या, त्यामुळे ते बंदर त्यांच्या ओळखीचं. ते चित्राच्या अगदी जवळ गेले आणि आधी फक्त पाणी बघत राहिले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "या समुद्रात लाटा आखूड आणि उभ्या येतात, एकीच्या पाठोपाठ दुसरी. आपल्या अरबी समुद्रासारखी लांब उचल नसते. हा माणूस पाण्याजवळ राहिलेला आहे."

मी ते बाईंना सांगितलं तशा त्या खुलल्या. आयवाझोव्स्कीचा जन्म 1817 चा, क्रिमियातल्या फिओदोसियाचा. 1844 मध्ये तो रशियन नौदलाच्या मुख्यालयाचा चित्रकार झाला. लाट ब्रश घेऊन समोर बसलं तर सापडत नाही, असं तो मानायचा. पाणी डोळ्यांत साठवायचं आणि स्टुडिओत येऊन आठवणीतून उतरवायचं, ही त्याची रीत. पुश्किनला त्याने प्रत्यक्ष पाहिलं होतं. 1836 मध्ये कला अकादमीच्या प्रदर्शनात हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी कवीसमोर उभा होता, आणि दक्षिणेतल्या कोणत्या गावचा, असं पुश्किनने त्याला विचारलं होतं. काही महिन्यांतच, 1837 च्या सुरुवातीला, पुश्किन द्वंद्वयुद्धात जखमी होऊन गेला. ही भेट आयवाझोव्स्कीने आयुष्यभर जपली, पुश्किनला समुद्रकाठी पुन्हा पुन्हा रंगवलं. तरी या चित्रातली आकृती त्याने रेपिनच्या हाती दिली. याचं मला फार कौतुक वाटतं. माणसं रंगवण्यात रेपिनचा हात आपल्यापेक्षा सरस, हे एवढा नावाजलेला चित्रकार मान्य करतो.

मग काकांनी विचारलं, "निरोप घेतोय तर हा गेला कोणत्या बोटीने?"

बाई म्हणाल्या, "बोटीने नाही. घोडागाडीने. आत, उत्तरेकडे."

तिथून सगळं बदललं. चित्र पाहताना गटातल्या सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं की माणूस आता जहाजावर चढणार. खरी गोष्ट उलटी होती. राजधानीतून हद्दपार झालेला पुश्किन 1823 मध्ये ओडेसाला आला. तिथल्या गव्हर्नर-जनरल वोरोन्त्सोवशी त्याचं बिनसलं. त्यातच निरीश्वरवादाबद्दल लिहिलेलं त्याचं एक पत्र सरकारच्या हाती लागलं. 1824 च्या उन्हाळ्यात त्याला प्स्कोव प्रांतातल्या मिखाइलोव्स्कोये या आईच्या जमीनदारीवर धाडलं गेलं. ओडेसात असताना समुद्रमार्गे पळून जायचे बेत त्याच्या मनात होते, ते तसेच राहिले. समुद्राला उद्देशून लिहिलेल्या कवितेत तो हेच सांगतो की मला किनारा सोडता आला नाही. त्याच कवितेत सेंट हेलेना बेटावर संपलेला नेपोलियन येतो आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ग्रीसमध्ये वारलेला इंग्रज कवी बायरनही येतो. दोघंही समुद्रापार गेलेले, हा मागे राहिलेला.

काका पुन्हा चित्राकडे वळले, पण बोलल्या त्या काकू, त्यांच्या पत्नी. सहलीत त्यांचा आवाज मी फारसा ऐकला नव्हता. "लाटांचं यांना कळतं," त्या म्हणाल्या. "पण हे कधी काठावर राहिले नाहीत. गोदीच्या फाटकाशी यांना सोडून मी मुलांना घेऊन घरी परतायची. या माणसाच्या पाठीमागे काय काय उभं आहे, ते मला विचारा."

काका काही बोलले नाहीत. मी हे बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पुढच्या दालनाकडे नेण्यासाठी उचललेला हात खाली घेतला.

दोन चित्रकारांमुळे आकृती समुद्रात नीट मिसळत नाही, अशी तक्रार मी ऐकली आहे. काकूंचं ऐकल्यावर मला ती पटत नाही. पाणी एका हाताचं आणि माणूस दुसऱ्या हाताचा, हे इथे अगदी योग्य आहे. त्या पाण्यात त्याला जागा मिळालीच नव्हती, मग तो मिसळेल कसा?

काकूंनी विचारलं, "नंतर तरी गेला का तो कुठे बाहेर?"

बाईंनी सांगितलं: 1830 मध्ये त्याने रीतसर परवानगी मागितली होती. फ्रान्स किंवा इटली, आणि ते जमत नसेल तर चीनला निघालेल्या शिष्टमंडळाबरोबर जाऊ द्या, असा अर्ज. नकार आला. फ्रान्स, इटली, चीन, यातलं काहीच पुश्किनला कधी पाहायला मिळालं नाही.

"चीनला तरी जाऊ द्यायचं होतं," काकू कळवळून म्हणाल्या.

मी ते रशियनमध्ये सांगितलं. बाई म्हणाल्या, "आम्हीसुद्धा हेच म्हणतो."