डोक्याआधी नाळ

आशाताईंचा फोन आला, "सिस्टर, पाणी गेलंय. आठवा नुकताच लागलाय." घरचे त्या गरोदर बाईला मोटारसायकलवर बसवत होते. मी म्हणाले, थांबा, जीप बघा आणि आडवी निजवूनच आणा.

पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, लवकर फुटली की बहुतेकांना दोन काळज्या असतात: मूल कच्चं आहे आणि जंतुसंसर्ग होईल. दोन्ही खऱ्याच. पण मी आधी पोटावर हात ठेवून डोकं शोधते. डोकं खाली असलं की ते बुचासारखं वाट अडवून बसतं, नाळ सहसा खाली घसरत नाही. मूल पायाळू (पाय किंवा कुल्ले खाली) किंवा आडवं असलं तर वाट मोकळी राहते, नाळ बाळाआधी खाली येऊन दाबली जाऊ शकते. दिवस भरताना शंभरात तीन-चार मुलंच पायाळू उरतात. 28 आठवड्यांच्या सुमारास मात्र चार-पाचांतलं एक तसं असतं. म्हणजे पाणी जितकं लवकर जाईल तितकी ही भीती मोठी.

तिचे 31 आठवडे झाले होते. डोकं वर, बरगडीखाली टणक लागलं. बाळाचे ठोके 144. डॉक्टर मॅडमनी डेक्सामिथासोन (बाळाची फुप्फुसं पक्की व्हायला देतात ते इंजेक्शन) आणि अँटिबायोटिक सुरू केलं. आमच्याकडे सिझरची सोय नाही, म्हणून 108 ला फोन लावला. तेवढ्यात एक कळ आली आणि उरलंसुरलं पाणी भसकन गेलं. मी लगेच ठोके ऐकले. 80! हातमोजे चढवून तपासलं, तर बोटांना एक इवलंसं पाऊल आणि शेजारी धडधडणारी नाळ लागली.

नाळ उडत होती, म्हणजे बाळ जिवंत होतं. हात आतच ठेवून मी बाळाला वर रेटून धरलं. दुसऱ्या सिस्टरने कंबरेखाली उश्या घातल्या, कॅथेटरमधून मूत्राशयात 500 मिली सलाईन भरलं. फुगलेलं मूत्राशयही बाळाला वर उचलून धरतं. ठोके 120 वर आले. ॲम्ब्युलन्समध्ये मी तशीच, गुडघ्यांवर. घाटात हाताला मुंग्या आल्या, पण काढायचा प्रश्नच नव्हता. मॅडमनी आधीच फोन केल्यामुळे जिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ तयार होते. बाळ बाहेर निघाल्यावरच माझा हात मोकळा झाला.

मुलगी, 1450 ग्रॅम. क्षीण का होईना, रडली. एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षात, श्वासाला आधार देणारा सीपॅप लागला, मग आईच्या छातीशी कांगारू पद्धतीने राहिली, वाढली. सासूबाईंनी हळूच विचारलं, "पायाळू म्हणजे वीज पडते म्हणतात, खरं का हो?" मी म्हटलं, "आजी, नात धडधाकट आहे. तिला वजन वाढवू द्या."

पुढच्या आशा बैठकीत मी बाहुली घेऊन बसले आणि दोरी खाली कशी सरकते ते करून दाखवलं. पाणी गेलं की बाईला चालवायचं नाही, दुचाकीवर तर नाहीच. आधीच्या सोनोग्राफीत मूल कसं होतं ते फोनवरच सांगायचं. नाळ दिसलीच तर ओढायची नाही, आत कोंबायची नाही; बाईला ओणवं करून डोकं खाली, कंबर वर ठेवायची आणि 108 बोलवायची.