ग्रीन्यार, पावसाळा आणि औषधाची वाट

गोव्यात एमएस्सीला सेंद्रिय रसायनशास्त्र घेणाऱ्या बहुतेकांची नजर वेर्णा किंवा कुंडईच्या औषध कारखान्यांवर असते, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र शास्त्रज्ञांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अभिक्रियांची यादी पाठ झाली की संश्लेषण, म्हणजे साध्या रेणूंपासून हवा तो रेणू घडवणे, आले, ही समजूत प्रयोगशाळेत फार दिवस टिकत नाही.

रसायनशास्त्रज्ञ इलायस कोरी यांना १९९० चे नोबेल ज्या विचारपद्धतीसाठी मिळाले, तिच्यात हव्या असलेल्या रेणूपासून मागे जायचे असते: कोणता बंध तोडला असता सहज मिळणारे तुकडे हाती येतील, हे आधी ठरवायचे. कागदावर असे अनेक मार्ग निघतात. त्यांची छाननी यील्ड, म्हणजे अपेक्षित पदार्थापैकी प्रत्यक्ष हाती येणारा वाटा, करते. प्रत्येक टप्प्याला ९० टक्के यील्ड मिळाले, तरी दहा टप्प्यांनंतर जेमतेम ३५ टक्के उरते. म्हणूनच रेणूचे दोन भाग वेगवेगळे घडवून शेवटी जोडणे बहुधा परवडते.

पुस्तकात ‘कोरडे ईथर’ हे दोनच शब्द असतात. जुलैच्या पावसात गोवा विद्यापीठाच्या ताळगाव पठारावर ते साधणे हा निम्मा अभ्यास आहे, कारण मॅग्नेशियमपासून ईथरमध्ये बनवला जाणारा आणि कार्बनचे नवे बंध जोडणारा ग्रीन्यार अभिकर्मक पाणी मिळताच नष्ट होतो. काचेची उपकरणे ओव्हनमध्ये तापवून नायट्रोजनखाली थंड करावी लागतात, आणि मॅग्नेशियमवर टाकलेल्या आयोडीनच्या कणाचा तपकिरी रंग जाऊन ईथर आपसूक उकळू लागेपर्यंत पुढचे थेंब सोडण्याची घाई करायची नसते.

मार्ग निवडण्याचे सर्वांत बोलके उदाहरण, माझ्या मते, आयबुप्रोफेन या वेदनाशामकाचे. बूट्स कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या पद्धतीत सहा टप्पे होते आणि वापरलेल्या अणूंपैकी सुमारे ४० टक्केच औषधात उतरत. १९९० च्या दशकात आयसोब्युटिलबेंझीन या त्याच कच्च्या मालापासून तीन टप्प्यांत तेच औषध बनू लागले आणि ते प्रमाण ७७ टक्क्यांवर गेले. पहिल्या टप्प्यात अभिक्रिया घडवून आणण्यासाठी वापरलेले जुन्या पद्धतीतले ॲल्युमिनियम क्लोराइड कचऱ्यात जाई. नव्या पद्धतीत त्याच कामाचे हायड्रोजन फ्लोराइड परत मिळवून पुन्हा वापरले जाते. रसायन हे अधिक घातक, पण वाया जात नाही. (परीक्षेत मात्र आयबुप्रोफेनची फक्त संरचना विचारतात.) हे दोन्ही मार्ग वहीत शेजारीशेजारी मांडून प्रत्येक बाणाखाली काय टाकून दिले जाते ते लिहावे, जुन्या मार्गाची बाजू झरझर भरत जाते.