पश्चिमेच्या खिडकीला अस्तराचे पडदे
आजचा दिवस पश्चिमेच्या खिडकीच्या पडद्यांचा. खिडकी ४ फूट बाय ५ फूट. दांडी वर ६ इंचांवर, दोन्ही बाजूंना ६-६ इंच जास्त. खालीही पडदा ६ इंच उतरवला. म्हणजे तयार उंची ७२ इंच, वरची दुमड ४ आणि खालची ५ धरून ८१. ४८ इंच पन्ह्याचे दोन पडदे, जाड सुती कापड साडेचार मीटर, तेवढंच पांढरं कोटिंगवालं अस्तर.

सुती कापड आधी धुवाच. नंतर आटलं की अस्तर खालून डोकावतं, बाजूंना फुगे येतात. अस्तराला टाचण्या नकोत, त्यांची भोकं बुजत नाहीत. उन्हात एकूण एक दिसतात. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. सुई १६ नंबर, टीपेचा टाका साडेतीन मिलिमीटर लांब. टीप बारीक घेतली तर कोटिंगला भोकांची ओळ पडते आणि तिथूनच फाटतं. प्रेसर फूट (मशीनचा कापड दाबून धरणारा पाय) चिकटत असेल तर मध्ये पातळ कागद ठेवून शिवा, मग फाडून काढा. अस्तर इंचभर आखूड आणि खाली मोकळं ठेवा.

पांढरी बाजू काचेकडे, ऊन परत फेकायला. पण खरी मेख कडांना आहे! काच आणि पडद्यामधली हवा तापून वरच्या फटीतून खोलीत येते, तिच्या जागी खालून गार हवा ओढली जाते. म्हणून बाजूच्या कडा भिंतीला वेल्क्रोने बसवल्या, दांडीच्या वर, फट बंद करायला, फळी ठोकली. बाहेरून शेडनेट किंवा बांबूची चिक लावता येत असेल, तर आधी ती लावा. काचेवर ऊन पडूच न देणं केव्हाही जास्त उपयोगाचं.