पासवर्ड कशाकशाला?

लिनक्सवर पेनड्राइव्ह खोचला की मुकाट्याने उघडतो. त्याच संगणकाच्या पोटातलं दुसरं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा, उघडायला गेलं, की बहुतेक वेळा मधोमध खिडकी उगवते: पासवर्ड द्या. डिस्क माझी, संगणक माझा, खुर्चीत मीच. तरी ओळख पटवा!

ही चौकशी पोलकिट, म्हणजे परवानग्या तपासणारा लिनक्समधला पहारेकरी, करतो. काम कोणतं, आणि सांगणारा प्रत्यक्ष यंत्रासमोर आहे की दुरून आलाय, हे तो बघतो. पेनड्राइव्ह खोचणारा हात समोरच असणार. आतली डिस्क मात्र सगळ्यांची, तीवर दुसऱ्या कुणाच्या फायली असू शकतात. तर्क चोख आहे. एकट्याच्या लॅपटॉपवर जरा विनोदी वाटतो, एवढंच.

टर्मिनलात कमांडआधी लिहून तिला रूटचे, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार मिळवून देणारा सुडो तर 1980 च्या सुमाराचा, एकेक यंत्र अनेकांनी वाटून वापरण्याच्या काळातला. परवानगीच्या यादीत नाव नसलेल्याने तो चालवून पाहिला, की 'या प्रकाराची नोंद कळवली जाईल' असा दम भरायचा. घरच्या यंत्रावर कळवणार कुणाला? मलाच!

वैतागून बरेच जण सुडोअर्स फाइलीत (परवानगीची यादी ती हीच) एक ओळ घालून सगळंच बिनपासवर्डचं करून टाकतात. मग आपल्या नावाने चालणारी कुठलीही भुक्कड स्क्रिप्ट न विचारता रूट होऊ शकते. मला हे पटत नाही. विचारण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. ती आहे किरकोळ अपडेटला आणि डिस्क फॉरमॅटला एकाच सुरात विचारण्याबद्दल. सारखं विचारलं की बोटं आपोआप चालतात. खिडकीत काय लिहिलंय ते वाचतो कोण?

एकदा दिलेला पासवर्ड सुडो मुळात 5 मिनिटं धरून ठेवतो, उबुंटूत 15. तेवढ्यात कामं एकत्र उरकली तर निम्मा त्रास जातो. उरलेल्यासाठी मी सूट देतो, पण एकेका कमांडला, आणि तीही पुढच्या शब्दांसकट पूर्ण लिहून. नुसतं 'एपीटी' (प्रोग्रॅम बसवण्याची कमांड) लिहून सोडलं, तर त्याच्या आडून रूटचं शेल, म्हणजे हवी ती कमांड चालवायची खिडकी, उघडता येतं. विमसारख्या एडिटरला सूट म्हणजे तर किल्ल्यांचा जुडगाच.

सुटीची ही ओळ लिहायची व्हिसुडोतून, म्हणजे सुडोअर्स फाइल तपासून जतन करणाऱ्या कमांडीतून. वाक्यरचना चुकली असेल तर तो जतन करण्याआधी थांबतो आणि विचारतो, आता काय? ई दाबलं की पुन्हा दुरुस्तीला आत. मोठा क्यू दाबला तर चुकीसकट जतनही करू देतो, पण मग पुढच्या वेळी सुडोच अडून बसला तर ती फाइल उघडायची कशाने?