तेल किती तापले? हिमालयनवरचे बदल आणि तापमानाचा मीटर

माझ्याकडे रॉयल एन्फिल्डची ४११ सीसीची हिमालयन आहे. डांबरी रस्ता आणि कच्ची वाट अशा दोन्हींसाठी म्हणून मोटारसायकल घेणाऱ्या बहुतेकांचे जे होते तेच माझेही झाले, म्हणजे गाडी घरी आली आणि पाठोपाठ तिला काय काय बसवायचे याची यादी तयार झाली. इंजिनाखाली जाड बॅश प्लेट, पुढे क्रॅश गार्ड, त्यावर जादा दिवे, हँडगार्ड, मागे पेट्या आणि जमल्यास हलका सायलेन्सर. या यादीत तापमानाचा मीटर सहसा शेवटी येतो किंवा येतच नाही. माझ्या मते तो सर्वांत आधी बसवावा, कारण उरलेल्या यादीतील जवळजवळ प्रत्येक वस्तू इंजिनाच्या उष्णतेत थोडीबहुत ढवळाढवळ करते, आणि ती किती करते हे वस्तू बसवण्यापूर्वीचे आकडे हाताशी असल्याशिवाय समजण्याचा मार्ग नाही.

गाडीच्या मूळ डॅशवर तापमानाचा एक आकडा दिसतो, त्यामुळे अनेकांना वेगळा मीटर अनावश्यक वाटतो. तो आकडा बाहेरच्या हवेचा आहे, इंजिनाचा नाही. इंधन-इंजेक्शनच्या संगणकाला इंजिनाचे तापमान कळत असते, कारण थंड इंजिनाला जास्त पेट्रोल द्यायचे की नाही हे त्याला ठरवावे लागते, पण ते चालवणाऱ्याला दाखवण्याची सोय नाही. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट असतो, पंखा असतो, आणि तापमान ठरावीक पट्ट्यात राखण्याचे काम यंत्रणाच करते. आमचे ४११ चे इंजिन हवेने थंड होते. ७८ मिमी बोअर (व्यास) आणि ८६ मिमी स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) असलेला एकच लांब सिलिंडर, भोवती फिन्स, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्या, आणि पुढच्या बाजूला पंख्याविना असलेला छोटा ऑइल कूलर. गाडी पुढे सरकत नसेल तर हवा नाही, आणि हवा नसेल तर थंड होण्याची दुसरी वाट नाही.

म्हापशाचे माझे मेकॅनिक या सगळ्या मीटरप्रकरणाकडे संशयाने पाहतात. "फिनवर थेंब टाकून बघा, बाब," ते म्हणाले. "जागच्या जागी तडतडला तर ठीक. गोळी होऊन पळायला लागला तर गाडी सावलीत लावा." हा सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या धातूवर पाण्याचा थेंब स्वतःच्याच वाफेच्या पातळ थरावर तरंगू लागतो, म्हणून तो तडतडण्याऐवजी गोळी होऊन पळतो. म्हणजे त्यांच्या थेंबात एक ढोबळ तापमापक दडलेला आहेच. अडचण एवढीच की तो चोर्ला घाटाच्या चढणीवर चालत्या गाडीत वापरता येत नाही.

मोजायचे काय, हा खरा प्रश्न आहे. सिलिंडर हेडचे, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावरच्या झाकणाचे, तापमान आणि तेलाचे तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा वेगही वेगळा आहे. हेडचा आकडा थ्रॉटलबरोबर हलतो. चढ लागला की काही सेकंदांत वर जातो, उतार लागला की तसाच खाली येतो. तेलाचा आकडा संथ असतो, पण तो एकदा चढला की उतरायला वेळ घेतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे हेड स्पार्क प्लगपाशी १५० ते २०० अंशांच्या दरम्यान असणे नेहमीचे मानले जाते. त्यापुढे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद उतरू लागते. तेल ९० ते ११० मध्ये असेल तर निश्चिंत राहावे, १२० ओलांडले तर लक्ष द्यावे. तेलाच्या बाबतीत एक जुना ढोबळ नियम सांगितला जातो, की दर १० अंशांच्या वाढीबरोबर ते खराब होण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. एकच मीटर बसवायचा असेल तर मी तेलाचा बसवीन, कारण याच तेलावर बेअरिंग, गिअर आणि क्लच तिन्ही चालतात. दोन्ही बसवता आले तर हेडचा आकडा कारण सांगतो आणि तेलाचा आकडा परिणाम.

हेडसाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे स्पार्क प्लगखाली बसणारी कडी, जिच्यात थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या जोडाचा तापमान-सेन्सर, असते. प्लगचा स्वतःचा वॉशर काढून त्याच्या जागी ही कडी घालावी लागते. दोन्ही एकावर एक घातले तर प्लग वर उचलला जातो आणि प्लगमधून हेडकडे जाणाऱ्या उष्णतेची वाटही बदलते. यापुढे जी गोष्ट येते ती मला वाटते सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. थर्मोकपलची वायर साधी नसते. के प्रकारच्या थर्मोकपलमध्ये दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट इतका बारीक विद्युत दाब निर्माण होतो, आणि तो गरम टोक व मीटरकडचे टोक यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असतो. मीटर स्वतःच्या जागेचे तापमान त्यात मिळवून आकडा दाखवतो. वायर अपुरी पडली म्हणून टाकीखाली, इंजिनाच्या जवळ, साधी तांब्याची वायर जोडली आणि त्या जोडापाशी ६० अंश व हँडलवर मीटरपाशी ३५ अंश असतील, तर मीटर सरळ २५ अंश कमी दाखवतो. आकडा स्थिर दिसतो, विश्वासार्ह वाटतो आणि चुकीचा असतो. वायर लांब करायचीच असेल तर त्याच प्रकारची थर्मोकपल वायर घ्यावी, नाहीतर योग्य लांबीचीच मागवावी.

तेलासाठी ड्रेन बोल्टच्या, म्हणजे तेल काढण्याच्या तळच्या बोल्टच्या, जागी सेन्सर असलेला बोल्ट मिळतो, पण खाली लोंबणारा सेन्सर कच्च्या वाटेवर पहिल्याच दगडाला भेटण्याची शक्यता असते. ऑइल कूलरच्या नळीवर, बँजो बोल्टच्या (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) जागी बसणारा सेन्सर मला अधिक सुरक्षित वाटतो. कोणत्या नळीवर बसवला हे मात्र लिहून ठेवावे, कारण कूलरकडे जाणारे तेल आणि कूलरमधून परतणारे तेल यांचे आकडे एकसारखे असू शकत नाहीत, आणि दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करताना हीच गोष्ट विसरली जाते.

हौशी मंडळी छोटा मायक्रोकंट्रोलर घेऊन एनटीसी सेन्सरवर (तापल्यावर ज्याचा विद्युत रोध कमी होतो अशा सेन्सरवर) घरीच मीटर बनवतात. काम चांगले होते, पण या सेन्सरचा रोध तापमानाबरोबर सरळ रेषेत बदलत नाही. २५ अंशांना १० किलोओहम असलेला नेहमीचा सेन्सर १०० अंशांना जेमतेम ७०० ओहमवर येतो. म्हणून दोन ठिकाणी तपासणी हवी: वितळत्या बर्फाच्या पाण्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात शंभर. गोव्याच्या किनारपट्टीवर राहण्याचा एक फायदा असा की आपले पाणी खरोखरच शंभराच्या जवळपास उकळते. हेच काम घाटमाथ्यावर केले तर दोन-तीन अंशांचा फरक पडतो. बंदुकीसारखा इन्फ्रारेड तापमापक घेऊन कोणी तपासणी करणार असेल तर चकचकीत ॲल्युमिनियमवर तो रोखू नये, कारण उघडा धातू उष्णतेचे किरण फार कमी सोडतो आणि आकडा बराच कमी येतो. उष्णता सहन करणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्यावा आणि त्यावर मोजावे.

आता बदलांकडे. साखळीहून केरीपर्यंतचा सपाट रस्ता आणि पुढे चोर्ल्याची चढण हा माझा तपासणीचा मार्ग आहे, कारण त्यात सावकाश, वेगवान आणि चढाचा असे तिन्ही प्रकार लागोपाठ येतात. एक बदल करायचा, हवामान शक्य तितके सारखे असलेला दिवस निवडायचा, त्याच मार्गाने जायचे, आकडे लिहायचे आणि मगच दुसऱ्या बदलाला हात घालायचा. दोन वस्तू एकाच वेळी बसवल्या की कोणामुळे काय झाले हे सांगता येत नाही. आकड्यांतून बाहेरच्या हवेचे तापमानही वजा करून पाहावे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात जानेवारीची सकाळ आणि मे महिन्याची दुपार यांच्यातील बराचसा फरक तेलाच्या आकड्यातही उमटतो.

जाड बॅश प्लेटचा परिणाम मला अपेक्षेहून जास्त दिसला, आणि तोही सपाट रस्त्यावर. तेलाच्या टाकीखालून वाहणारी हवा अडते, हे एक. दुसरे कारण खास आपल्याकडचे आहे. डिचोली-साखळीच्या पट्ट्यातील तांबडी धूळ अतिशय बारीक असते. ती प्लेट आणि इंजिन यांच्या फटीत साचते, त्यात तेलाचा ओलावा मिसळतो आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर तिचा थर असा घट्ट बसतो की इंजिनाने गोधडीच पांघरावी. मागे मोठी भोके असलेली, धुण्यासाठी चटकन सुटणारी प्लेट निवडावी आणि ती खरोखरच सोडवून धुवावी. ऑइल कूलरसमोर बसवायच्या जाळीलाही हाच न्याय लागू पडतो. दगडांपासून बचाव होतो, हे मान्य, पण बारीक जाळी चिखलाने भरली की कूलर असून नसल्यासारखाच. क्रॅश गार्डवरचे गोल दिवे कूलरच्या थेट समोर येत असतील तर ते थोडे बाहेर सरकवावेत, एवढ्याने काम भागते.

पुढचे स्प्रॉकेट, म्हणजे साखळी फिरवणारे दातेरी चाक, एका दाताने लहान करणे हा स्वस्त बदल आहे आणि त्याचे दोन चेहरे आहेत. महामार्गावर त्याच वेगाला इंजिन जास्त फिरते, म्हणून आकडे थोडे वर राहतात. उलट काट्याकुट्यांच्या चढणीवर क्लच कमी घासावा लागतो, आणि आपल्या गाडीचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असल्याने ती घासाघीस थेट तेलात उतरत असते. नेत्रावळीकडच्या किंवा सत्तरीतल्या आडरस्त्यांवर जाणाऱ्याला हा बदल फायद्याचा ठरेल, रोज पणजीला नोकरीला जाणाऱ्याला नाही.

सायलेन्सरविषयी माझे मत कडक आहे. साध्या वेगात ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने संगणक हवा-पेट्रोलचे मिश्रण सांभाळून घेतो, पण जोर लावल्यावर तो ठरलेल्या तक्त्यावर चालतो, आणि हा तक्ता मूळ सायलेन्सरसाठी लिहिलेला असतो. नवा सायलेन्सर जास्त मोकळा असेल तर नेमके चढावर, जिथे मिश्रणात पेट्रोल जरा जास्त हवे, तिथे ते कमी पडू शकते आणि हेड तापते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आवाजासाठी एवढे मोल देणे मला पटत नाही.

सर्वांत वाईट आकडे घाटात येतील असा माझाही समज होता. प्रत्यक्षात ते पर्वरीच्या वाहनांच्या रांगेत येतात, दुपारच्या उन्हात, पहिल्या गिअरमध्ये, हवा नसताना. घाटात निदान गाडी चालती असते. रांगेत मी मिनिटभराहून जास्त थांबावे लागले की इंजिन बंद करतो. घाट चढून चहाला थांबताना शेवटचा एक-दोन किलोमीटर मुद्दाम हलक्या थ्रॉटलवर काढतो, म्हणजे हेडचा आकडा उतरल्यावरच किल्ली फिरते.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. जून ते सप्टेंबर घरापासून म्हापशाच्या बाजारापर्यंत अशा छोट्या फेऱ्यांत तेल ७० अंशांच्या वर जातच नाही. इंजिनात साचलेला ओलावा आणि तेलात उतरलेले पेट्रोल उडून जायला तेल बराच वेळ गरम राहावे लागते, नाहीतर तेल पाहण्याच्या काचेत दुधट फेस दिसू लागतो. तो दिसला की लोक सीलविषयी घाबरतात आणि इंजिन उघडायला निघतात. आधी मीटर पाहावा, मग फोंड्यापर्यंत किंवा त्याही पुढे एक लांब फेरी मारावी, तेल तासभर ९५ च्या वर ठेवावे आणि पुन्हा काच पाहावी. फेस गेला तर तो फक्त ओलावा होता. लांब फेरीनंतरही राहिला, किंवा तेलाची पातळी वाढलेली दिसली, तर तेल बदलून पाणी कुठून आले ते शोधावे. ओढा ओलांडला असेल तर त्याच दिवशी शोधावे. तापलेले इंजिन थंड पाण्यात अचानक बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून पाणी आत ओढले जाते, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी मी काठावर थांबून हेडचा आकडा शंभराच्या आसपास येऊ देतो आणि ब्रीदरची नळी टाकीखाली उंच बांधलेली आहे ना, ते पाहतो.