.४४ मॅग्नम, ३०० ग्रेन: सहावं काडतूस अखेर हललं नाही

मंडळी, जमलं! घरी भरलेल्या काडतुसांचे सुपर ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हरमधून पाच बार काढले, सहावं न उडवता बाहेर घेऊन व्हर्नियर लावला, आणि लांबी काडतूस भरताना होती तेवढीच निघाली. ३०० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची, कडक शिशाची ओतीव (हार्डकास्ट), रुंद चपट्या नाकाची, बुडाला धातूची टोपी (गॅस चेक) असलेली तीच गोळी, जिच्यापुढे मागच्या नोंदीत मी हात टेकले होते.

दुखणं तुम्हाला ठाऊक आहेच. धक्क्यासरशी रिव्हॉल्व्हर मागे येतं, जड गोळी आहे तिथेच राहू बघते आणि न उडालेल्या काडतुसातून पुढे सरकते. सिलिंडरबाहेर डोकावली की सिलिंडर अडकलाच. जखमी डुक्कर समोर असताना हे नको. २४० ग्रेनला कधी त्रास नव्हता.

आधी क्रिम्प, म्हणजे काडतुसाच्या तोंडाची गोळीवर आत वळवलेली कड, आवळला. मग आणखी आवळला. शेवटी तोंडाखालचं पितळ फुगलं आणि काडतूस चेंबरमध्ये जाईना. मग सगळ्या केसेस, म्हणजे काडतुसांची पितळी कवचं, १.२७५ इंचाला ट्रिम केल्या, कारण लांबी कमीजास्त असली की रोल क्रिम्पही तसाच बसतो. फरक पडला, पण चिमूटभर.

घोडं पेंड खात होतं क्रिम्पच्या खाली. क्रिम्प बसवायच्या माझ्या साच्यात (डाय) कार्बाइड या कठीण धातूची रिंग आहे, ती अख्खं काडतूस बाहेरून दाबते. पुलरने गोळ्या उपसून जाडी मोजली तर .४३१ इंचाच्या .४२९ झालेल्या! शिसं दबलं की दबलेलंच राहतं, पितळ मात्र किंचित परत उघडतं; पकड गेली. .४२९ च्या जॅकेटवाल्या (तांब्याचं आवरण असलेल्या) गोळीला ती रिंग जेमतेम लागते, म्हणून तिच्यावर संशयच आला नाही. कास्ट गोळ्यांसाठी ही डाय घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत.

आता साधी रोल क्रिम्प डाय, आणि सीटिंग (गोळी केसमध्ये बसवणं) वेगळं, क्रिम्प वेगळा. शिवाय एक्स्पांडर प्लग, म्हणजे केसचं तोंड आतून रुंद करणारा खुंटा, ड्रिलमध्ये धरून पॉलिश पेपरने दोन थाऊ (इंचाचे दोन हजारांश) उतरवला, म्हणजे केस गोळीला घट्ट धरते. केसच्या तोंडाला हलका घंटेसारखा पसरटपणा (बेल) मात्र ठेवा, नाहीतर शिसं खरवडून निघतं.

बंदुकीची दारू हॉजडन कंपनीची एच११०च. विंचेस्टर २९६ म्हणजे दुसऱ्या डब्यातली तीच दारू, जी स्वस्त मिळेल ती घ्या. हिला घट्ट पकड आणि मॅग्नम प्रायमर (दारू पेटवणारी जोरदार टिकली) हवा. धक्का कमी करायला चार्ज (दारूचं प्रमाण) उतरवावा म्हटलं तर तीही सोय नाही, ३ टक्क्यांपलीकडे कमी करू नका असं हॉजडनच सांगते. चार्ज मॅन्युअलमधून घ्या, माझ्याकडून नको.

पुढे टेक्सासातलं रान. २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की रानडुकरासाठी शिकारीचा परवाना लागत नाही, तेव्हा घाई कसलीच नाही. म्हाताऱ्या नराच्या खांद्यावर चिवट कातडीची ढाल असते म्हणून ३०० चा हट्ट धरला होता. पण लिहिता लिहिता वाटायला लागलं, एवढं हवंय कशाला? जुना अमेरिकी शिकारी-लेखक एल्मर कीथ .४४ स्पेशल या आधीच्या, सौम्य काडतुसामध्ये २५० ग्रेनची गोळी भरून शिकार करायचा, आणि त्याच्याच पाठपुराव्यातून १९५५ साली .४४ मॅग्नम आलं. डुकराचं काळीज खाली आणि बरंच पुढे असतं. जवळून, पुढच्या पायाच्या रेषेत मारली तर कडक २५० ग्रेनची गोळी आरपार जायला हरकत नाही. धक्का कमी, म्हणजे दुसरा बारही लवकर.

तर ३०० च्या उरलेल्या गोळ्या कागदी निशाणावर संपवतो आणि कीथच्या आकाराची २५० ग्रेनची गोळी ओतायचा साचा मागवतो. दोन कॅव्हिटीचा (एका वेळी दोन गोळ्यांचा) घ्यावा की चार? चारवाल्यात शिसं लवकर थंड होतं का, वापरणाऱ्यांनी सांगा.