रेशमी अंतरपाट रंगवताना

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा तिने एकच हट्ट धरला, "आत्या, अंतरपाट तू रंगवायचा. आणि नंतर मला तो ओढणी म्हणून वापरता आला पाहिजे." पहिली अट सोपी होती. दुसरीमुळे सगळं काम बदललं. नुसतं धरायचं कापड असतं तर बाजारातल्या कापडाच्या रंगांनी रंगवून वरून इस्त्री फिरवली असती. पण ते रंग धाग्यावर थर होऊन बसतात आणि कापड त्या जागी ताठ होतं. ओढणी घड्यांतून सुळसुळत पडायला हवी असेल तर रंग धाग्याच्या आत शिरला पाहिजे, म्हणजे वाफेवर पक्का होणारा आम्लरंगच (ॲसिड डाय) हवा.

कापड घेतलं ते पांढरं, पातळ चायना सिल्क, आठ मोमेचं. मोमे हे रेशमाच्या वजनाचं माप. एक मोमे म्हणजे चौरस मीटरला साधारण सव्वाचार ग्रॅम, त्यामुळे पन्हा धरून दोन मीटरचा अख्खा अंतरपाट शंभर ग्रॅमच्या आत बसला. दुकानदार जाड रेशमाचा आग्रह करत होता, पण नक्षीची रेघ कापडाच्या पलीकडपर्यंत झिरपायची असेल तर पातळच बरं. कापड आधी रिठ्याच्या कोमट पाण्यात धुऊन घेतलं. खळ राहिली तर रंग जागोजागी अडतो.

रेशमावर कुंचला टेकवला की रंग थांबत नाही, धाग्याधाग्याने पळतो. त्याला अडवायला गुट्टा लागतो. मूळचा गुट्टा आग्नेय आशियातल्या एका झाडाच्या चिकापासून करत. हाच चीक एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवर वेष्टण म्हणून वापरला गेला, हे वाचल्यापासून मला त्या छोट्याशा बाटलीबद्दल वेगळाच आदर वाटतो. मी वापरला तो पाण्यात विरघळणारा, पारदर्शक प्रकार. बारीक तोंडाच्या बाटलीतून एका दाबाने, हात न थांबवता रेघ ओढायची. ती वाळली की कापड उजेडाकडे धरून मागून बघायचं. रेघ जिथे अखंड पारदर्शक दिसत नाही तिथे फट आहे, आणि केसाएवढ्या फटीतूनही रंग शेजारच्या घरात जातोच. ही तपासणी कंटाळवाणी आहे, पण रंगवायला लागणाऱ्या वेळाइतकाच वेळ मी तिला दिला.

नक्षी पैठणीच्या काठावरून घेतली: दोन्ही टोकांना मुनिया म्हणजे पोपट, वर बांगडी मोर म्हणजे बांगडीसारख्या गोलातला मोर, मध्ये स्वस्तिक. मुनियाचं अंग हिरवं आणि चोच लाल. हे दोन रंग एकमेकांत गेले की मातकट तपकिरी होतात, म्हणून चोचीभोवतीची रेघ मागूनही एकदा ओढली. या रंगांत पांढरा नसतो. जिथे पांढरं हवं तिथे कापडच कोरं राखायचं. रंग पारदर्शक असल्यामुळे कुठला रंग आधी आणि कुठला त्यावर, हे ठरल्याशिवाय कुंचला उचलता येत नाही.

सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली आणि तीन टोकांच्या पिनांनी कापड त्यावर ताणलं. मधोमध झोळ आला तर रंग तिथे जमतो. खरी कसोटी होती मागच्या फिकट केशरी रंगाची. मोठ्या जागेत रंगाची कड वाळली की तिथे गडद रेघ उमटते आणि ती पुन्हा जात नाही. मी मोर आणि वेलींची मांडणी अशी केली होती की पार्श्वभूमीचे तुकडे पडावेत, तरी मधला पट्टा मोठाच राहिला. तो एकटीने होणारा नव्हता. वहिनीला बोलावलं. सकाळी, ऊन चढायच्या आत, पंखा बंद करून आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो आणि रुंद फोमने मधून बाहेर रंग ओढत गेलो. "वन्सं, तुमच्या बाजूला वाळतंय!" असं ती ओरडली की मी पाण्याचा फवारा मारायचे. पुण्यात एप्रिलमध्ये रंगाला वाळायला वेळ लागतच नाही.

केशरी ओला असतानाच, पण वरची चकाकी गेल्यावर, काठाजवळ जाड मिठाचे खडे टाकले. मीठ पाणी ओढतं, पाण्याबरोबर रंग येतो आणि खड्याभोवती फुलासारखे फाटे फुटतात. कुठे किती फुटतील ते आपल्या हातात नाही. माझ्या मते मिठाचा वापर थोडाच असावा. आजकाल अख्खे स्टोल मिठाने भरलेले दिसतात, मग नक्षीला बोलायला जागाच राहत नाही. पूर्ण वाळल्यावर मिठाचा कणन् कण मऊ ब्रशने झाडला, कारण राहिलेला कण वाफेत पुन्हा ओल धरतो आणि रंग हलवतो.

आता वाफ. रेशीम हे प्रथिन आहे. आम्लात त्यातले अमिनो गट धनभारित होतात, आम्लरंग ऋणभारित असतो, म्हणून दोघं एकमेकांना धरतात. ती पकड खोलवर बसायला उष्णता आणि ओल दोन्ही लागतात. (विल्यम पर्किनने १८५६ साली लंडनमध्ये पहिला व्यापारी कृत्रिम रंग शोधला, तोही त्याने रेशमावरच आजमावला होता.) कोऱ्या न्यूजप्रिंटच्या तावांवर अंतरपाट पसरून अळूवडीच्या उंड्यासारखा गुंडाळला. कापडाला कापड कुठेच लागता कामा नये. छापील वर्तमानपत्र आत नको, शाई उतरते. उंच पातेल्यात तळाला पाणी, त्यावर जाळी, जाळीवर उंडा, उंड्यावर फॉइलची टोपी. झाकणाला जुना टॉवेल गुंडाळला, कारण झाकणावरून पडलेला वाफेचा एक थेंबसुद्धा डाग पाडतो. मध्यम आंचेवर दीड तास, मध्ये उकळतं पाणी घालत. हे पातेलं मी रंगासाठीच वेगळं ठेवलं आहे. रंगाची भांडी स्वयंपाकात परत नेऊ नयेत, हे मी प्रत्येकाला सांगते.

उंडा उलगडला तेव्हा रंग आधीपेक्षा सखोल झाले होते. थंड पाण्यात थोडा जादा केशरी सुटला, मग कोमट पाण्यात गुट्टा विरघळून पांढऱ्या रेघा मोकळ्या झाल्या. शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घातलं की रेशमाची झळाळी परत येते. पिळायचं नाही. टॉवेलमध्ये दाबायचं, सावलीत अर्धवट वाळवायचं आणि दमट असतानाच उलट बाजूने इस्त्री करायची.

काठ मी शेवटी दुमडला, तोही रेशमी दोऱ्याने. आधी सुती दोऱ्याने शिवला असता तर आम्लरंगाने तो रंगलाच नसता आणि केशरी काठावर पांढरे टाके दिसत राहिले असते.

लग्नानंतर भाचीने ओढणी धुतली, तिचं पाणी नितळ निघालं. अक्षतांच्या हळदीचे ठिपके मात्र राहिलेत, हळद रेशमाला घट्ट धरते. ते उन्हाने फिके होतील, पण ऊन आम्लरंगालाही सोडत नाही, म्हणून मी तिला उन्हात टाकू दिलेली नाही. आता भंडाऱ्याकडचं टसर रेशीम मागवलं आहे. त्याचा अंगचा रंग मधाळ असतो, त्यामुळे निळा हिरवटाकडे झुकेल आणि केशरी मंद पडेल. आधी चिंध्यांवर सगळे रंग लावून, वाफ देऊन बघणार आहे.